दस्तरखानावरची निर्धास्त कोळंबी

रोजा सोडायची वेळ झाली की पहिला हात खजुराकडे जातो. हल्ली बी काढून आत बदाम किंवा काजू भरलेले खजूर सर्रास मिळतात. त्यामागून फालुदा येतो, त्यावर पिस्त्याचे काप. हलीमवर तळलेले काजू, फिरनीवर बदाम आणि ईदच्या सकाळी शीरखुर्म्यात तर काजू, बदाम, पिस्ते, चारोळी सगळेच एकत्र. पाहुण्याचा मान किती राखला हे वाटीतल्या मेव्यावरून ओळखावे, इतके रमजानच्या पाहुणचारात सुक्या मेव्याचे महत्त्व आहे.

याच शहरातल्या दुसऱ्या स्वयंपाकघरात डोकावले तर तिथेही फार वेगळे चित्र नाही. एकादशीची साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय होत नाही. भगरीसोबत दाण्याची आमटी लागते. उपवास नसलेल्या दिवशीही काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, भाकरीबरोबरची चटणी या सगळ्यांत शेंगदाणा असतोच. रोजा असो की उपवास, पुण्यात दोघांनाही आधार दाण्याचा आणि मेव्याचा.

अशा शहरात ज्या घरातल्या मुलाला शेंगदाणा किंवा काजू चालत नाही, त्या घराने काय करावे? ‘चालत नाही’ म्हणजे आवडत नाही किंवा पचत नाही असे नव्हे. दाण्यातले प्रथिन शरीराला शत्रू वाटते आणि चिमूटभर कुटानेही अंगावर गांधी उठतात, ओठ आणि घसा सुजतो, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. या टोकाच्या अवस्थेला वैद्यकात अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. ती काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. अशा घरातल्या आईसाठी इफ्तारचे आमंत्रण म्हणजे आनंदाआधी चिंता, आणि शेजारून झाकून आलेले ताट म्हणजे एक अवघड प्रश्न. ते परत पाठवता येत नाही आणि मुलापुढे ठेवताही येत नाही.

म्हणून अशी कुटुंबे मेव्याला हात न लावता सणासारखे वाटेल असे काहीतरी शोधत असतात. कोळंबी त्या शोधात चपखल बसते. दिवसभराच्या रोज्यानंतर ताकद देणारे प्रथिन तिच्यात भरपूर असते, ती पाच-सात मिनिटांत शिजते आणि गोठवलेले पाकीट घरात असले तर ऐन असरच्या नमाजनंतर बाजार गाठावा लागत नाही. ताटात कोळंबी आली की मुलांनाही मेजवानी वाटते. प्रश्न एवढाच उरतो की फ्रीझरमधल्या दहा पाकिटांपैकी निर्धास्तपणे उचलावे असे कोणते?

आधी दोन गोष्टी स्पष्ट

पहिली गोष्ट डॉक्टरांची. शेंगदाणा हे शेंगवर्गातले कडधान्य आहे. काजू, बदाम, अक्रोड, पिस्ता ही झाडावरची फळे. दोन्ही अ‍ॅलर्जी वेगळ्या, मात्र एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले असल्याने एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही असणे नेहमीचे आहे. चारोळीही त्याच कुळातली, म्हणून तिच्याबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारावे. आणि कोळंबी? तिची अ‍ॅलर्जी ही तिसरीच गोष्ट. दाण्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून कोळंबीची असेलच असे नाही, पण कवचाचे जलचर हे स्वतः अ‍ॅलर्जीच्या मोठ्या कारणांपैकी एक आहेत. कोळंबीतले त्रासदायक प्रथिन शिजवून किंवा गोठवून नाहीसे होत नाही. ज्या मुलाने कोळंबी कधी खाल्लेलीच नाही, त्याच्यासाठी इफ्तारचे ताट ही प्रयोगाची जागा नव्हे. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांशी आधी बोलणे हाच मार्ग.

दुसरी गोष्ट धर्माची, कारण या पानाच्या अनेक वाचकांना तिचे कुतूहल असते. मासळीला जबिहा, म्हणजे शरियतनुसार कापणे, लागत नाही; त्यामुळे साध्या कोळंबीवर हलालचा शिक्का शोधण्याची गरज पडत नाही. पण कोळंबी ‘मासा’ आहे का, यावर मात्र जुनी चर्चा आहे. हनफी पंथात समुद्रातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल मानला जातो. झिंगा लोकव्यवहारात मासाच समजला जातो म्हणून उपखंडातले अनेक उलेमा तो खाण्यास हरकत घेत नाहीत, तर काही जण टाळणे बरे असे सांगतात. शाफई पंथात हा प्रश्नच नाही. रत्नागिरी-रायगडातून पुण्यात स्थिरावलेली कोकणी मुस्लिम कुटुंबे शाफई. त्यांच्या घरात कोळंबीचे कालवण, करंदीची भजी आणि पावसाळ्यासाठी राखून ठेवलेले सोडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्या घरात खाल्ली जाते तिथे ती निवांतपणे खाता यावी, इतकाच इथला विषय.

पाकिटावर काय वाचायचे

गोठवलेली कोळंबी आज बहुतांशी वेनामी जातीची असते. मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही जात भारतात वाढवायला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आंध्र प्रदेशच्या किनारी भागातल्या तळ्यांनी तिचे उत्पादन कुठल्या कुठे नेले. यातला मोठा वाटा परदेशात जातो आणि अमेरिका त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. अमेरिकेत शेंगदाणा, झाडावरचा सुका मेवा आणि कवचाचे जलचर यांची नावे पाकिटावर लिहिणे २००४ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. त्यामुळे तिकडे माल पाठवणाऱ्या कारखान्याला ‘तुमच्याकडे दाण्याचा संपर्क येतो का?’ हा प्रश्न नवा नसतो. पुण्यातल्या ग्राहकाने तो विचारायला संकोच करू नये.

आपल्याकडेही नियम आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार अ‍ॅलर्जी निर्माण करणारे घटक पाकिटावर वेगळे सांगावे लागतात. यादीत आहेत गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व सुका मेवा, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट. म्हणून कोळंबीच्या पाकिटावर ‘कंटेन्स क्रस्टेशियन’ असे दिसले तर दचकू नये. ती कोळंबीच आहे एवढाच त्याचा अर्थ. नजर जायला हवी ती त्या ओळीतल्या पुढच्या शब्दांवर.

इथे एक साधा नियम उपयोगी पडतो. घटकांच्या यादीत जितके कमी शब्द, तितके पाकीट सोपे. उत्तम पाकीट म्हणजे ज्यावर घटक म्हणून ‘कोळंबी’ आणि फार तर पाणी व मीठ एवढेच आहे. कधी त्यात ४५१ क्रमांकाचे फॉस्फेट असते, ते कोळंबीतले पाणी टिकवण्यासाठी. कधी २२३ क्रमांकाचे सल्फाइट असते, ते कवचावर काळे डाग पडू नयेत म्हणून. या दोन्हींचा दाण्याशी संबंध नाही. मात्र दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने श्वासाचा त्रास होतो, आणि अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत दमा अनेकदा आढळतो. तेव्हा तो आकडाही पाहावा.

खरी अडचण ‘तयार’ पाकिटांची. तंदुरी, मलई, कोरमा असे शब्द असलेल्या मसाला लावलेल्या कोळंबीत दाटपणासाठी काजूची पूड असू शकते. पावाचा चुरा लावून तळायला तयार केलेल्या कोळंबीत गहू असतोच. शिवाय पीठ, मसाला आणि चुरा तीन ठिकाणांहून आलेला असतो. प्रत्येक ठिकाणी दाण्याचा स्पर्श झाला असण्याची शक्यता वाढत जाते. रमजानमध्ये वेळ वाचवणारी हीच पाकिटे सर्वांत मोहात पाडतात, आणि अ‍ॅलर्जीच्या घराने तीच फ्रीझरमध्ये ठेवून द्यावीत. मसाला घरी लावायला दहा मिनिटे लागतात.

मग येते ‘मे कंटेन’ची ओळ, म्हणजे ‘यात अमुकचा अंश असू शकतो’. घटक म्हणून दाणा घातलेला नाही, पण त्याच यंत्रावर दाण्याचा पदार्थही होतो, अशी ही सूचना. ती असेल तर पाकीट परत ठेवावे, यात वाद नाही. पण ती नसेल तर? तिथेच अनेकांची गफलत होते. ओळ नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ निघत नाही. कोणी लिहिले नाही एवढेच त्यातून कळते. म्हणून पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर एकदा फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: या कारखान्यात फक्त मासळीच होते की मसाल्याचे तयार पदार्थही? ते त्याच यंत्रावरून जातात का? आणि मधे यंत्र धुण्याची, तपासण्याची पद्धत काय? फक्त कच्ची मासळी गोठवणाऱ्या कारखान्याकडून याचे उत्तर सहज मिळते. उत्तर गुळमुळीत आले तर तेही एक उत्तरच.

आपल्या यादीत नसलेल्या पदार्थांचेही भान हवे. युरोपात १४ घटकांची यादी आहे, तिच्यात तीळ आणि मोहरीही आहेत. अमेरिकेने २०२३ पासून तीळ सक्तीच्या यादीत घेतले. भारताच्या यादीत हे दोन्ही नाहीत. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही जणांना तिळाचीही असते आणि गोड्या मसाल्यापासून नानवरच्या शिंपणापर्यंत तीळ सगळीकडे आहे. नारळाचे मात्र उलटे. नावात ‘नट’ असल्याने त्याची भीती घातली जाते, पण सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना नारळ चालतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२५ मध्ये त्याला त्या यादीतून वगळले. डॉक्टरांनी होकार दिला तर नारळाच्या दुधातले कोकणी कालवण हा काजूच्या रश्शाला उत्तम पर्याय.

दुकान, तेल आणि कढई

पाकीट निवडून झाले म्हणजे काम संपत नाही. पुण्यात ताजी कोळंबी घ्यायची तर गणेश पेठेतला मासळी बाजार किंवा कॅम्पातले शिवाजी मार्केट आहे. मासळीच्या साध्या ठेल्यावर दाण्याचा प्रश्न सहसा येत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण जिथे मसाला लावलेली मासळी आणि साधी मासळी शेजारशेजारच्या ट्रेमध्ये असते आणि एकच चमचा दोन्हीत फिरतो, तिथे सुटी कोळंबी घेण्यापेक्षा बंद पाकीट बरे.

तेलाची गोष्ट अधिक नाजूक. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात मात्र ते राहते. गेल्या काही वर्षांत पुण्यात घाण्याच्या तेलाची आवड वाढली आहे. आरोग्याच्या काळजीने आणलेले हेच तेल दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी घातक ठरू शकते. सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाचे बंद पाकीट वापरावे आणि कढई वेगळी ठेवावी. बाहेरच्या ठेल्यावरच्या कढईत त्या संध्याकाळी काय काय तळले गेले, हे ठेलेवालाही सांगू शकत नाही. उपाहारगृहांसाठी नियम आहे, पण तो केंद्रीय परवानाधारक किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्यांना लागू होतो. त्यांनी पदार्थांतल्या अ‍ॅलर्जीच्या घटकांची माहिती द्यावी लागते. मोमीनपुऱ्यातला किंवा कॅम्पातला एकटा ठेलेवाला त्यात बसत नाही. तिथे कागद नसतो, म्हणून प्रश्न विचारावाच लागतो.

घरातही शिस्त लागते. मेवा चिरायचा पाट-सुरी, खलबत्ता, मिक्सरचे भांडे वेगळे असावे, किंवा त्या दिवशी कोळंबीचा स्वयंपाक सर्वांत आधी उरकावा. दाण्याचे हात सॅनिटायझरने स्वच्छ होत नाहीत. त्यातले प्रथिन हातावर तसेच राहते. ते साबण-पाण्यानेच जाते. पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवावे, आणि इतर ताटांआधी मुलाचे ताट वाढून बाजूला झाकून ठेवावे. दस्तरखानावर एका वाटीतला चमचा दुसऱ्या वाटीत जाणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. इथे तेवढे प्रेम आवरायचे.

आणि तरीही काही घडलेच तर? अ‍ॅनाफिलॅक्सिसवर पहिले औषध अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. खाजेच्या गोळीवर विसंबून वेळ घालवू नये. परदेशात मिळणारी पेनासारखी तयार इंजेक्शने आपल्याकडच्या औषध दुकानांत सहज हाती लागत नाहीत. म्हणून घरी काय ठेवायचे, किती द्यायचे आणि कोणी द्यायचे हे डॉक्टरांकडून आधीच शिकून लिहून ठेवावे. रुग्णाला आडवे झोपवावे, श्वास लागत असेल तर टेकून बसवावे, उठवून चालवू नये आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. इंजेक्शनने बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच. रोजा असेल तर? जिवावर बेतते तेव्हा रोजा सोडण्याची मुभा शरियत देते. नंतर त्याची कजा करता येते, म्हणजे राहिलेला रोजा भरून काढता येतो.

विचारण्याची रीत

ब्रिटनमधली नताशा एडनन-लापेरूझ ही १५ वर्षांची मुलगी २०१६ साली विमान प्रवासात अ‍ॅलर्जीचा झटका येऊन दगावली. तिने खाल्लेल्या पावाच्या कणकेत तीळ होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. तेव्हाच्या नियमाने तो करणे गरजेचेही नव्हते. आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून तिथे नवा नियम लागू झाला. विक्रीच्या जागीच तयार करून वेष्टनात ठेवलेल्या पदार्थांवरही सर्व घटक लिहावे लागतात. लोक त्याला नताशाचा कायदा म्हणतात. त्या घराने एक मुलगी गमावली, तेव्हा बाकीच्यांना पाकिटावर एक ओळ मिळाली.

आपल्याकडे ती ओळ सगळीकडे पोहोचायला वेळ लागेल. तोवर काम भागवायचे ते एकमेकांना विचारण्यावर आणि सांगण्यावर. सुदैवाने पुणेकरांना ताटाबद्दल प्रश्न विचारण्याची सवय आहे. मुसलमान पाहुणा मटण हलाल आहे का असे विचारतो आणि यजमानाला राग येत नाही. जैन शेजारी कांदा-लसणाची चौकशी करतो. शाकाहारी मैत्रीण कढई वेगळी आहे ना, हे पाहून घेते. चातुर्मासात कोण काय खात नाही हे वाड्यातल्या सगळ्यांना पाठ असायचे. श्रद्धेपोटी विचारलेला प्रश्न आपण आदराने ऐकतो, त्यासाठी वेगळे भांडेही काढतो.

पण एखादी आई ‘यात दाणे आहेत का?’ असे विचारते, तेव्हा तिला वेगळाच अनुभव येतो. ‘थोड्याने काय होतंय?’, ‘आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं’, ‘वरचे काजू काढून देते ना!’ वरचे काजू काढून ताट सुरक्षित होत नाही, जसे हाडे काढून मटणाचा रस्सा शाकाहारी होत नाही. तिचा प्रश्न हलालच्या प्रश्नाइतकाच गंभीर आहे, किंबहुना त्याहून तातडीचा. रोजेदाराने विसरून घोटभर पाणी प्यायले तर रोजा तुटत नाही. नकळत झालेल्या चुकीला श्रद्धेत माफी आहे. शरीराकडे ती नाही. विसरून खाल्लेला काजू ते माफ करत नाही.

म्हणून यंदा शेजारी ताट पाठवताना त्यावरच्या रुमालाखाली एक चिठ्ठी जावी: यात काय काय आहे, कुठल्या तेलात तळले आहे. दिवाळीच्या फराळाच्या डब्यासोबतही ती यावी. ज्या घरात असे मूल आहे हे ठाऊक आहे, तिथे शीरखुर्म्याची एक वाटी मेवा घालण्याआधीच बाजूला काढावी. दूध, शेवया, खजूर आणि खारीक एवढ्यानेही ती गोड होते. खोबरे चालत असेल तर तेही घालावे. आणि त्या घराने इफ्तारला बोलावले तर जाताना सुक्या मेव्याचा पुडा नेण्याऐवजी फळे न्यावीत. त्या दस्तरखानावर नारळाच्या दुधातली कोळंबी असेल, भात असेल, कैरीचे पन्हे असेल. तिथे त्या घरातले मूल सगळ्यांच्या बरोबर, कोणाच्या परवानगीवाचून हात पुढे करेल.